गोदामाला चिठ्ठी

सांगलीच्या बाजारपेठेत अण्णांची औषधांची घाऊक एजन्सी आहे. साठेक कंपन्यांचा माल, आसपासच्या तालुक्यांतली साडेचारशे मेडिकल दुकानं गिऱ्हाईक, आणि हा सगळा व्याप सांभाळायला एक जुना प्रोग्रॅम. प्रोग्रॅम अ‍ॅक्सेसमध्ये लिहिलेला. लिहिणारा अण्णांचा भाचा. कॉलेजात असताना सुट्टीत येऊन त्याने तो बसवला, नोकरी लागल्यावर तो परदेशी गेला आणि प्रोग्रॅम दुकानात राहिला. असे प्रोग्रॅम पेठापेठांत सापडतात. त्यांची माहितीपुस्तिका नसते, त्यांचा कर्ता फोनवर सापडत नाही, पण स्कीमचा फुकट नग कुठल्या रकान्यात टाकायचा आणि कुठल्या दुकानाला किती दिवसांची उधारी, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. म्हणून ते टिकतात.

डेटाची फाइल कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरवर होती. उरलेले चार कॉम्प्युटर त्याला वायरने जोडलेले. कोपऱ्यातल्या त्या यंत्राला सगळे मानाने ‘सर्व्हर’ म्हणत, पण ते बिचारं कसलाच विचार करत नसे. एखादं बिल शोधायचं झालं की शोधणारा कॉम्प्युटरच वायरीवरून फाइलीतली पानं ओढून घेई (एकेक पान चार केबीचं), इंडेक्स, म्हणजे सूची, असला तर मोजकी, नसला तर सगळी, आणि आपल्या टेबलावर ती चाळून उत्तर काढी. एकाच खोलीत हे ओढणं कुणाला जाणवत नसे. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये अ‍ॅक्सेस बाजारात आणलं ते अशाच खोल्यांसाठी. एक टेबल, फार तर चार, आणि मध्ये एक फाइल.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा बाजारात आली. आयर्विन पुलापाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. अण्णांच्या दुकानातलं कोपऱ्यातलं यंत्र टेबलाच्या खाली असे. पाणी ओसरल्यावर त्यातून चिखल निघाला. डेटा वाचला तो बिलिंगला बसणाऱ्या ताईंमुळे. रोज संध्याकाळी जाताना फाइलीची कॉपी पेनड्राइव्हवर घेऊन त्या घरी नेत. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं आणि त्याचे त्यांना कुणी पैसेही दिले नव्हते.

“आता डेटा जिथं कृष्णा पोचत नाही तिथं ठेवायचा,” अण्णांनी ठरवलं.

त्याला आणखीही एक कारण होतं. अ‍ॅक्सेसची फाइल २ जीबीच्या पुढे वाढत नाही, आणि पंधरा वर्षांची बिलं साठत साठत फाइल त्या हद्दीजवळ आली होती. अण्णांचे चिरंजीव, ज्यांना दुकानात सगळे धाकटे मालक म्हणतात, कॉम्प्युटरचे जाणकार. त्यांनी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये सर्व्हर भाड्याने घेतला, त्यावर एसक्यूएल सर्व्हर बसवला, मायक्रोसॉफ्टचंच स्थलांतराचं फुकट साधन वापरून सगळी टेबलं तिकडे नेली, आणि भाच्याचा प्रोग्रॅम होता तसा ठेवून त्यातली टेबलं ओडीबीसी या दुव्याने मुंबईच्या टेबलांशी जोडून दिली. पडद्यावर काहीच बदललं नाही. तीच बटणं, तेच फॉर्म. फक्त टेबलांच्या नावापुढे छोटासा पृथ्वीगोल दिसू लागला.

पहिल्याच दिवशी ताईंनी जुनं बिल उघडायला बटण दाबलं आणि पडदा गोठला. फॉर्म आला तोवर समोरचं गिऱ्हाईक दुसऱ्या एजन्सीला फोन लावून मोकळं झालं होतं. दुपारी अण्णांनी कंपनीवार विक्रीचा रिपोर्ट मागितला. चहा आला, पिऊन झाला, कप उचलले गेले, रिपोर्ट नाही. धाकट्या मालकांनी सर्व्हरवाल्या कंपनीला फोन केला. तिकडचा माणूस अतिशय नम्रपणे म्हणाला, की सर, तुम्ही मोठा प्लॅन घ्या. मोठा प्लॅन घेतला. प्रोसेसर दुप्पट, मेमरी चौपट. रिपोर्टला तेवढाच वेळ. मग इंटरनेटची लाइन बदलली, २० एमबीपीएसची फायबर आणली. जरा फरक पडला, पण शिव्या थांबण्याइतका नाही. शेवटी दुकानात दोन पक्ष झाले. एक म्हणे मुंबईचा सर्व्हर टाकाऊ आहे, दुसरा म्हणे भाच्याचा प्रोग्रॅम टाकाऊ आहे. नवं पॅकेज विकणारा एक माणूस दर दोन दिवसांनी येऊन दुसऱ्या पक्षाला बळ देऊन जाई.

डिसेंबरात नात्यातल्या लग्नासाठी अण्णांच्या वहिनी मुंबईहून आल्या. एका बँकेच्या संगणक विभागात त्यांनी उभी हयात काढली होती, आणि निवृत्तीनंतर त्या विषयावर कुणी बोलायला आलं तर त्यांना आनंदच होई.

“वहिनी, जरा आमच्या सर्व्हरला बघा की,” अण्णा जेवता जेवता म्हणाले. “आजारी पडलाय.”

“त्याला बघते. पण त्याच्याआधी तुम्ही त्याला काय विचारता ते बघते.”

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. प्रोग्रॅम उघडलाच नाही. धाकट्या मालकांना त्यांनी मुंबईच्या सर्व्हरवर प्रोफायलर लावायला सांगितला. सर्व्हरकडे येणारा प्रत्येक प्रश्न हे साधन जसाच्या तसा दाखवतं. मग सर्व्हरचा प्रोसेसर किती टक्के कामात आहे ते पाहिलं. पाच. रिपोर्ट सुरू करायला लावला, तरी पाचचे सात झाले, बास.

“तुझा सर्व्हर झोपलाय रे बाळा. त्याला काम कुठं दिलंयस? नुसती हमाली करतोय.”

धाकट्या मालकांना हे लागलं. दुप्पट प्रोसेसरचे पैसे त्यांनीच मंजूर करून घेतले होते. ते प्रोफायलरच्या ओळी वाचू लागले आणि एका ओळीवर थांबले. कंपनीवार विक्रीसाठी सर्व्हरकडे गेलेला प्रश्न एवढाच होता, की बिलांच्या ओळींचं टेबल द्या. अट नाही, बेरीज नाही, काही नाही. टेबलात १८ लाख ओळी.

“पण काकू, अट घातलीय. हे बघा, क्वेरीत चालू आर्थिक वर्षाची अट आहे. कंपनीवार बेरीजही आहे.”

“तुझ्या क्वेरीत आहे. त्याच्यापर्यंत पोचली का?”

अट पोचली नव्हती, आणि का पोचली नव्हती हे भाच्याच्या हुशारीत दडलं होतं. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलात सुरू होतं, तारखेचं वर्ष जानेवारीत. दर वेळी हा हिशेब नको म्हणून भाच्याने अ‍ॅक्सेसच्या व्हीबीए भाषेत ‘आर्थिकवर्ष’ नावाचं छोटं फंक्शन लिहिलं होतं. त्याला बिलाची तारीख द्यायची, ते वर्ष सांगणार. क्वेरीतली अट होती ती अशी, की आर्थिकवर्ष या फंक्शनने बिलाच्या तारखेचं जे वर्ष सांगितलं ते चालू वर्षाइतकं हवं. सुंदर, वाचायला सोपी अट. फाइल कोपऱ्यात होती तोवर बिनतक्रार चालली.

अण्णा गल्ल्यावर बसून ऐकत होते. त्यांना फंक्शन कळलं नाही, आणि कळत नाही हे सांगायची त्यांना लाजही नव्हती. तेवढ्यात कुपवाडच्या एमआयडीसीतल्या गोदामातून टेम्पो आला आणि टेम्पोबरोबर गोदाम सांभाळणारे मामा आले. अण्णांचा रिवाज जुना. दुकानातून गोदामाला कागदी चिठ्ठी जाते, चिठ्ठीप्रमाणे माल येतो.

“भाऊजी, मामांना चिठ्ठीत काय लिहिता?” वहिनींनी विचारलं.

“कंपनी, औषधाचं नाव, बॅच, नग. आणखी काय?”

“तुम्ही दुकानात बोलताना ‘चालू माल’ म्हणता. म्हणजे नेमकं काय?”

“गेल्या महिन्यात दोनदा तरी बिलात लागला तो चालू माल.”

“मग चिठ्ठीत ‘चालू माल पाठवा’ एवढंच लिहिलंत तर?”

अण्णांच्या आधी मामाच बोलले. “मला काय कळतंय वो त्यातलं? बिलं तुमच्याकडं. मी आपला सगळी खोकी टेम्पोत घालतो न् धाडतो. तुम्हीच बसा निवडत.”

“आणि निवडून उरलेली खोकी?”

“ती कुठं जात्यात? पडतील हितंच,” मामा म्हणाले आणि पावती घेऊन टेम्पोकडे गेले.

वहिनी धाकट्या मालकांकडे वळल्या. “सर्व्हरला एप्रिल कळतो, मार्च कळतो, कंपनी कळते, बेरीज तर तुझ्यापेक्षा चांगली कळते. ‘आर्थिकवर्ष’ हा शब्द मात्र या दुकानातच राहतो. तो मुंबईला कुणाला माहीत नाही.”

जोडलेल्या टेबलांवर क्वेरी चालवली की अ‍ॅक्सेस ती आधी उलगडून बघतं. सर्व्हरला समजेल तेवढा भाग त्याच्याकडे धाडतं. जो समजणार नाही, म्हणजे घरी लिहिलेलं फंक्शन, किंवा एनझेडसारखं अ‍ॅक्सेसचं स्वतःचं, तो स्वतःकडे ठेवतं, त्यासाठी लागतील तेवढ्या ओळी मागवून घेतं आणि चाळणी आपल्या टेबलावर लावतं. अट घरी राहिली म्हणून तिच्यावर अवलंबून असलेली कंपनीवार बेरीजही घरीच राहिली. यात अ‍ॅक्सेसची लबाडी नाही. उलट ते फार भलं आहे. पण ते हे सगळं न बोलता करतं, आणि उत्तर अगदी बरोबर देतं. चुकीचं उत्तर आलं असतं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी क्वेरी उघडून पाहिली असती. उशिरा आलेल्या बरोबर उत्तराचं खापर माणूस रस्त्यावर फोडतो.

वहिनींनी पाठकोऱ्या बिलावर हिशेब मांडला. एक ओळ साधारण २०० बाइटची धर. १८ लाख ओळी म्हणजे ३६ कोटी बाइट, ३६० एमबी. २० एमबीपीएसच्या लाइनवर, दुसरं कुणी काही करत नसताना, जवळजवळ अडीच मिनिटं नुसती वाहतूक. तिघांनी एकदम रिपोर्ट काढले तर सात मिनिटांच्या वर. आणि इतकं वाहून आणल्यावर कागदावर किती ओळी उमटतात? कंपन्या साठ, ओळी साठ.

“साठ ओळींना प्रोसेसर दुप्पट घेतला होय,” अण्णा म्हणाले. धाकटे मालक काही बोलले नाहीत.

क्वेरी बदलायला पाच मिनिटंही लागली नाहीत. फंक्शन काढलं आणि तारखांची साधी हद्द घातली. १ एप्रिल २०१९ पासून पुढे, आणि १ एप्रिल २०२० च्या अलीकडे. या दोन तारखा सर्व्हरला कळतात, आणि तारखेच्या रकान्यावर इंडेक्स असेल तर तो थेट त्या वर्षाच्या ओळींवर जाऊन पोचतो. धाकट्या मालकांनी मध्येच विचारलं, की मग भाच्याचं फंक्शनच सर्व्हरवर लिहिलं तर? वहिनी म्हणाल्या, कळेल त्याला, पण परवडणार नाही. रकान्याला फंक्शनमध्ये गुंडाळलं की सर्व्हरला इंडेक्स निरुपयोगी होतो, प्रत्येक ओळ उघडून तिचं वर्ष काढून बघावं लागतं. तारीख जशी आहे तशी मोकळी ठेवायची आणि हद्द तिच्या दोन बाजूंना लावायची.

रिपोर्ट दोन सेकंदांत आला. ताईंना वाटलं जुनाच कागद परत निघाला, म्हणून त्यांनी आजच्या सकाळच्या बिलाचा आकडा त्यात ताडून पाहिला.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण वहिनींच्या बोलण्यात ज्या विद्येचा वारसा होता ती पन्नासहून अधिक वर्षांची आहे. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी कोष्टकांतून माहिती मांडण्याची पद्धत सुचवली, तेव्हा त्यांचा आग्रह असा होता की माहिती आत कुठे, कशी ठेवली आहे हे जाणून घेण्याचं ओझं विचारणाऱ्यावर पडू नये. काय हवं ते सांगा, कसं आणायचं ते यंत्र बघेल. १९७९ मध्ये आयबीएममध्येच पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अनेक वाटांपैकी कमी खर्चाची वाट यंत्राने स्वतः कशी निवडावी, ते मांडलं. आजचे मोठे डेटाबेस त्याच धर्तीवर चालतात. आधी कुठलं टेबल वाचायचं, कुठला इंडेक्स धरायचा, हे सगळं तिकडे ठरतं. पण हे ठरवायला प्रश्न अख्खा त्याच्यापुढे यावा लागतो. अर्धा प्रश्न घरी ठेवून उरलेला पाठवला, तर जगातला सगळ्यात हुशार सर्व्हरही फक्त खोकी भरू शकतो.

त्या आठवड्यात वहिनींनी आणखी दोन जागा दाखवल्या.

येण्यांचा रिपोर्ट साडेचारशे दुकानांचा. प्रत्येक दुकानापुढे शेवटचं बिल आणि शेवटची वसुली, आणि ही दोन्ही अ‍ॅक्सेसच्या डीलुकअप फंक्शनने काढलेली. म्हणजे प्रत्येक ओळीला सर्व्हरकडे दोन वेगळ्या फेऱ्या. ९०० फेऱ्या. सांगलीहून मुंबईला जाऊन परत यायला एका फेरीला ३० मिलिसेकंद धरले तरी २७ सेकंद निव्वळ प्रवासाचे. यात मोठी लाइन घेऊन काही साधत नाही, कारण एकेका फेरीत माल चिमूटभरच आहे. वेळ अंतर खातं. दोन्ही गोष्टी एकाच जोडणीत आणणारी व्ह्यू, म्हणजे सर्व्हरवरच ठेवलेली क्वेरी, वहिनींनी लिहवून घेतली आणि ती टेबलासारखीच प्रोग्रॅमला जोडली. एक फेरी, साडेचारशे ओळी.

दुसरी जागा ताईंचा बिलाचा फॉर्म. तो उघडला की सगळ्या बिलांवर उघडे, मग ताई शोधाचं बटण दाबून हवं ते बिल गाठत. असा फॉर्म उघडताना अ‍ॅक्सेस आधी सगळ्या बिलांच्या किल्ल्या, म्हणजे नुसते बिल-क्रमांक मागवतं, आणि मग पडद्यावर दिसतील तशा दहा-दहा ओळी क्रमांक देऊन आणतं. रचना वाईट नाही. शंभर बिलं असती तर उत्तमच होती. पण पंधरा वर्षांच्या बिलांचे क्रमांक दर वेळी कशाला? आता बटण दाबलं की छोटी चौकट आधी क्रमांक विचारते आणि फॉर्म त्या एकाच बिलावर उघडतो. शिवाय टेबलात एक रोव्हर्जनचा रकाना घातला. तो नसला की एकाच वेळी दोघांनी एक बिल बदललं का, हे तपासायला अ‍ॅक्सेस प्रत्येक रकाना जुन्या मजकुराशी ताडत बसतं. तो असला की तेवढा एक ताडून मोकळं होतं.

लग्न आटोपून निघताना वहिनींनी धाकट्या मालकांना पास-थ्रू क्वेरी म्हणजे काय तेही शिकवलं. या क्वेरीत अ‍ॅक्सेस मध्ये पडतच नाही. तुम्ही लिहिलेला मजकूर जसाच्या तसा सर्व्हरकडे जातो, म्हणून तो सर्व्हरच्याच बोलीत लिहावा लागतो. तारखेला दोन्हीकडे # नको, एकेरी अवतरणचिन्ह हवं. काहीही चालेल यासाठी * नाही, %. अ‍ॅक्सेसचं होय म्हणजे उणे एक, सर्व्हरचं होय म्हणजे एक. एनझेडऐवजी इझनल. चूक झाली तर सर्व्हर तिथल्या तिथे नाकारतो, आणि हाच तिचा मोठा गुण. काही घरी राहून गेलंय आणि कुणाला पत्ताच नाही, असं इथे होत नाही.

धाकट्या मालकांना ही गोष्ट फारच आवडली. नवा मंत्र मिळालेल्या माणसाचं जे होतं तेच झालं. वहिनी मुंबईला पोचेपर्यंत त्यांनी प्रोग्रॅममधल्या निम्म्या क्वेऱ्या पास-थ्रू करून टाकल्या. सोमवारी ताईंनी नवं बिल करायला घेतलं तर रकान्यात अक्षर उमटेना. त्यांनी की-बोर्ड उलटा करून आपटला, दुसरा लावला, तरी तेच. पास-थ्रूने आलेलं उत्तर फक्त वाचायचं असतं, त्यात लिहिता येत नाही. आणि बिलाचा फॉर्मच त्यावर बसवला होता. तो मागे घेतला. पण खरी गंमत साठ्याच्या शोधात होती. तिथे औषधाचं नाव टाकलं की पडदा पुन्हा पूर्वीसारखा गोठायला लागला, आणि धाकट्या मालकांना कारण सापडेना. त्यांनी काकूंना फोन लावला.

“सगळं सर्व्हरच्या भाषेत लिहिलंय काकू. एकही आपलं फंक्शन नाही.”

“वाचून दाखव.”

त्यांनी वाचून दाखवलं. साठ्याच्या टेबलातले सगळे रकाने, सगळ्या ओळी. नाव कुठलं ते नंतर फॉर्मवर चाळणी लावून निवडायचं.

“म्हणजे मामांना तू शुद्ध मराठीत, स्वच्छ अक्षरात लिहिलंस, की गोदाम रिकामं करून पाठवा.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. “मग नाव क्वेरीतच घालू?”

“नाव घाल, आणि रकाने मोज. पडद्यावर पाच दिसतात, तू किती आणतोस?”

धाकटे मालक बावीस आणत होते. नाव आणि पाच रकाने घातल्यावर गोठणं थांबलं. पास-थ्रूला परस्पर पॅरामीटर देता येत नाही, म्हणून नाव बदललं की दर वेळी व्हीबीएतून क्वेरीचा मजकूरच नव्याने लिहायचा, ही युक्ती त्यांनी स्वतः शोधली. नावात एकेरी अवतरणचिन्ह आलं तर मजकूर तुटतो, हेही त्यांना एका औषधाने शिकवलं. उरलेल्या क्वेऱ्यांपैकी बऱ्याच त्यांनी पुन्हा साध्या जोडलेल्या टेबलांवर आणल्या. जिथे अट सर्व्हरला कळण्यासारखी आहे आणि दहा-वीस ओळींचंच काम आहे तिथे अ‍ॅक्सेस स्वतःच नीट प्रश्न पाठवतं. तिथे मुद्दाम वेगळी बोली बोलण्याची गरज नव्हती. आणि जीएसटीचे दर, तालुक्यांची नावं, कंपन्यांचे संक्षेप अशा सहसा न बदलणाऱ्या याद्या त्यांनी सकाळी एकदा मागवून घरच्याच टेबलांत ठेवल्या. मात्र या घरच्या टेबलांची सर्व्हरच्या मोठ्या टेबलाशी क्वेरीत जोडणी करायची नाही, असं त्यांनी स्वतःला बजावून ठेवलं, कारण अशी जोडणी सर्व्हरला करता येत नाही. एक टेबल त्याच्याकडे असतं, दुसरं त्याला दिसतही नाही. मग मोठ्या टेबलाच्या ओळी पुन्हा टेम्पोवर येतात. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. प्रोफायलर उघडा ठेवायची सवय लागली होती, त्यात दिसलं.

नव्या पॅकेजवाला माणूस अजून येत होता, पण आता बसायला खुर्ची पुढे होत नव्हती.

जानेवारीत अण्णांनी एक प्रश्न काढला. सगळं पळतं, मग सकाळी नऊला अजून दहा मिनिटं सगळं का अडखळतं? धाकट्या मालकांनी प्रोफायलर बघितला. सकाळी नऊला संपूर्ण साठ्याचा रिपोर्ट निघत असे, प्रत्येक औषधाची प्रत्येक बॅच, शून्य शिल्लक असलेल्याही. सत्तर पानं. क्वेरी त्यांनी आधीच नीट केली होती. पण सत्तर पानांना लागणाऱ्या ओळी सत्तर पानांच्याच असणार.

या वेळी काकूंना फोन करण्याआधी त्यांनी त्यांच्यासारखंच विचारून पाहिलं. “अण्णा, हा रिपोर्ट कोण वाचतं?”

“मी. रोज.”

“सत्तर पानं?”

अण्णांनी त्या दिवशीचा गठ्ठा पुढे ओढला आणि बोट लावत, पानं उलटत, ते काय बघतात ते दाखवायला लागले. तीन महिन्यांत ज्याची मुदत संपते तो माल, कारण तो वेळेत कंपनीकडे परत गेला नाही तर एक्सपायरीचा क्लेम बसत नाही. आणि दहा पाकिटांच्या खाली आलेला चालू माल. इतर ओळींवरून त्यांचं बोट न थांबता घसरत गेलं. पाचव्या पानावर ते स्वतःच थांबले.

“हे पूर्वी का काढत होतो आपण सगळं?”

“पूर्वी काढायला काही लागत नव्हतं,” ताई बिलावरून डोकं न उचलता म्हणाल्या.

धाकट्या मालकांनी दोन क्वेऱ्या लिहिल्या. पहिलीत मुदतीची तारीख आजपासून तीन महिन्यांच्या आत. दुसरीत शिल्लक दहाच्या खाली, आणि चालू माल. ‘चालू माल’ लिहिताना ते अडखळले, मग अण्णांची व्याख्या अक्षरशः उतरवली. गेल्या महिन्यात ज्याची बिलात किमान दोनदा नोंद आहे असा. दोन्ही उत्तरं मिळून दीड पान झालं. मुदतीच्या यादीत दुसऱ्या ओळीला एका महागड्या इंजेक्शनच्या ४० व्हायल होत्या. सत्तर पानांत त्या एकोणपन्नासाव्या पानावर होत्या, आणि अण्णांनी त्या आजवर पाहिल्या नव्हत्या.

मोठ्या सर्व्हरचा करार मार्चअखेर संपत होता. अण्णांनी स्वतः फोन लावून पुढच्या वर्षासाठी पहिलाच, लहान प्लॅन सांगितला. पलीकडचा माणूस तेवढ्याच नम्रपणे म्हणाला, की सर, लहान प्लॅनमध्ये तुम्हाला स्पीडचा प्रॉब्लेम येईल.

“येऊ दे. आला की आधी चिठ्ठी तपासू,” अण्णा म्हणाले. पलीकडच्याला काही कळलं नाही, पण त्याने नोंद करून घेतली.

ताईंनी विचारलं, “मग प्रिंटरच्या कागदाची ऑर्डर निम्मी करू का?”

“पाव कर,” अण्णा म्हणाले. मग व्यापारी जागा झाला. “नको, निम्मीच कर. मार्चला सीएकडचे लोक येतील, ते सगळंच छापून मागतात.”